प्रतिष्ठानाचं बारसं

आमच्या घरात रविवारी सकाळी दोन प्रोग्रामर बसतात, एक मास्तरीण ओरडते आणि एक आत्या चहा करते. मास्तरीण मी, नीलम. प्रोग्रामरांपैकी एक माझा नवरा साईराज आणि दुसरा त्याचा मित्र सन्मती. सन्मती निपाणीचा, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारा, पण दर रविवारी नऊच्या ठोक्याला आमच्या खासबागच्या दारात चप्पल काढतो, म्हणून मी त्यालाही घरातलाच धरते. आत्या साईराजच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. वय एकाहत्तर. रेशन कार्डावर, आधारवर, बँकेच्या पासबुकावर नाव बाळाबाई. ही गोष्ट त्यांची, पण तिच्यात एक चूक माझी आहे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला, तेव्हा स्वतःची एक सांगायला हरकत नाही.

आत्यांचं माहेर उचगाव. चौदाव्या वर्षी त्यांना संकेश्वरकडच्या एका गावात दिलं. तेरा महिन्यांत नवऱ्यानं परत आणून सोडलं आणि दुसरी केली. का, ते त्यानं सांगितलं नाही. माझे सासरे परशराम तेव्हा लहान होते. पुढं ते कमवायला लागले, खासबागेत दोन खोल्या घेतल्या आणि आक्काला घेऊन आले. इथं विणकरांच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून आत्यांनी तीस वर्षं काढली, आणि ते करता करता साईराजला वाढवला. सासरे जाऊन आता नऊ वर्षं झाली. आत्या अजून ताठ चालतात, भाजीवाल्याशी कन्नडात भांडतात आणि घरात 'मी जातो, मी करतो' असं बोलतात. आमच्या सीमाभागातल्या जुन्या बायका अशाच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, येऊ दे.

आणि बारसं म्हटलं की आत्या हव्यातच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे सगळीकडंच आहे. पण गल्लीत ज्या पोरांना सख्खी आत्या नाही त्यांच्या आत्या ह्याच. निम्म्या खासबागच्या कानात ह्यांनी नावं सांगितली असतील. एकदा एका घरात बाळाचं नाव इंटरनेटवरून काढलेलं, अर्थ कुणालाच माहीत नाही. आत्या पाळण्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मला म्हणता येत न्हाय त्ये मी सांगत न्हाय. दुसरी आत्या बघा." शेवटी त्या घरानं नाव बदललं.

आता त्या दोघांचा रविवारचा उद्योग. ते त्याला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे प्रोग्राम लिहायचा आणि उघड्यावर ठेवायचा. कुणीही न्यावा, वापरावा, आत काय बिघडलंय ते बघावं, दुरुस्त करावं आणि दुरुस्ती सगळ्यांना परत द्यावी. फुकट. मला हे पटायला दोन वर्षं लागली. आत्यांना दोन मिनिटं लागली. "गावच्या आडागत म्हण की," त्या म्हणाल्या. "पाणी कुणीबी भरावं, गाळ काढायला समद्यांनी यावं."

पहिला प्रोग्राम त्यांनी उचगावच्या पाणी संस्थेसाठी केला. कुणाच्या रानाला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं त्याचा हिशेब तो लावतो. नाव ठेवलं 'स्मार्ट इरिगेशन शेड्युलर'. संस्थेचे सेक्रेटरी यल्लाप्पा फोन करायचे तेव्हा म्हणायचे, "तुमचं ते हे आज चालंना झालंय." नाव घेण्याच्या भानगडीतच पडायचे नाहीत. आत्यांनी हे आठवडाभर ऐकलं आणि मग बोलल्या.

"साईराज, लेकरू तुमचं, मान्य हाय. पण नाव ठेवायचा मान कुणाचा रं? मी अजून जित्ती हाय."

साईराज हसला. आत्या हसल्या नाहीत. त्या रविवारी त्यांनी लॅपटॉप पाटावर ठेवायला लावला, त्याला हळदीकुंकू लावलं आणि चारी बाजूंनी फिरवून बघितला. हेडफोन घालायचं बारीक भोक दिसल्यावर म्हणाल्या, "ह्यो कान व्हय?" सन्मती म्हणाला, "व्हय आत्या, कानच तो." आत्या वाकल्या, त्या भोकात काहीतरी पुटपुटल्या आणि कुर्रर्र केलं. रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांच्या पाठीत धपाटे घातले. सन्मतीनं इतका हळू घातला की आत्या म्हणाल्या, "जेवला न्हाईस काय रं?"

नाव होतं चिमा.

मला वाटलं, गेलं हे आता कचऱ्यात. पण सन्मतीकडं एक यादी असते. असल्या प्रोग्रामचं नाव ठेवणं म्हणजे खायचं काम नाही. ते जगात दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामनं घेतलेलं नसावं. कुठल्या कंपनीनं नोंदवलेलं नसावं. चार-पाच अक्षरांत टाइप व्हावं. कन्नडात, मराठीत, हिंदीत त्याचा काही भलताच अर्थ निघू नये. सन्मतीनं एकेक तपासलं आणि मान वर करून म्हणाला, "बसतंय की हे." यल्लाप्पांचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "चिमा आज मस्त चाललीय."

मग गावच्या वाचनालयाची पुस्तकं सांभाळणारा प्रोग्राम झाला. त्याचं नाव सगुणा. माझ्या शाळेसाठी एक झाला, पोरांची हजेरी मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत ठेवणारा. त्याचं कोंडू. दर वेळी पाट, हळदीकुंकू, कान आणि धपाटे. कोंडू हे नाव मला मुळीच आवडलं नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, शाळेच्या कामाला जरा शिकल्यासवरल्यागत नाव ठेवा की." त्या म्हणाल्या, "कोंडू चौथीत पयली आलती." मला वाटलं चेष्टा करतात.

हळूहळू लांबलांबची माणसं हे प्रोग्राम वापरायला लागली. एकदा दुपारी सन्मती लॅपटॉपमधून मोठ्यानं वाचत होता, आसामातून कुणीतरी लिहिलं होतं, "चिमा कालपासून बंद आहे, कृपया मदत करा." आत्या स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन धावत आल्या. "चिमाला काय झालं?" त्यांचा चेहरा असा झाला होता की सन्मती उठून उभाच राहिला. त्याला समजावून सांगावं लागलं की आत्या, मशीन बंद आहे, संध्याकाळपर्यंत चालू होईल.

त्या दिवशी भांडी घासताना मी विचारलं, "आत्या, ही चिमा कोण?"

"माझी मैतरीण," त्या म्हणाल्या. "चिमा, सगुणा, कोंडू. उचगावात एका आळीतल्या आमी. शेण गोळा करायला संगं, शाळंला संगं. दोन वर्सांत समद्यांची लग्नं झाली आन् समद्यांची नावं गेली."

नावं गेली म्हणजे काय ते मला सांगावं लागलं नाही. लग्नात थाळीत तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझ्याही लग्नात ती थाळी आली होती. आत्यांनी ती उचलली आणि आत नेऊन ठेवली. "नीलम बरं हाय," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, काय सुधारलेलं सासर मिळालंय.

"चिमाला खानापूरकडं दिलती," आत्या सांगत होत्या. "थाळीत लिवलं लक्ष्मी. दीड वर्सानं एक माणूस सांगावा घिऊन आला. दारात हुबं ऱ्हाऊन म्हणाला, लक्ष्मी गेली, बाळंतपणात. चिमाची आई शेंगा फोडत बसलीती. म्हणाली, अरेरे, कुणाची लेक म्हणायची बाई. आन् शेंगा फोडत ऱ्हायली. त्यो माणूस जायना, काय बोलंना. नुस्ता हुबा. मग तिच्या ध्येनात आलं."

आत्या भांडं विसळत राहिल्या. मला रडू आलं. आणि नेमकं इथंच मी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. वर्गात एखाद्या पोराचं नाव हजेरीत चुकीचं लिहिलं असेल तर हेडमास्तरांच्या अंगावर जाणारी मी. पण माझ्या डोक्यात असं पक्कं बसलेलं की आत्या वर्षभरात माहेरी परत आल्या, म्हणजे नावही माहेरचंच असणार. अशी माझी अक्कल.

गेल्या वर्षी बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. चिमा, सगुणा आणि कोंडू ह्या तिघींना त्यांच्या संगणकांवर कायमची जागा द्यायला ते तयार होते. साईराज आणि सन्मतीनं उद्या हे काम सोडलं तरी ते चालू राहिलं असतं. अट एकच. दोन माणसांचा रविवारचा खेळ चालणार नाही, तिन्ही प्रोग्राम ज्याच्या पोटात येतील असं नोंदणी केलेलं प्रतिष्ठान पाहिजे.

मग त्या प्रतिष्ठानाच्या नावावरून तीन रविवार खल झाला. सेतू घेतलेलं होतं. संगम सतरा जणांनी घेतलेलं होतं. 'सीमा' असं साईराजनं लिहिलं आणि स्वतःच खोडलं. "नावातच भांडण कशाला," म्हणाला. सन्मतीचं म्हणणं होतं, 'बुट्टी' ठेवूया. आमच्या मराठीत टोपलीला बुट्टी, कन्नडातही बुट्टी, आणि तिन्ही प्रोग्राम एका बुट्टीत. मी म्हटलं, "आणि पत्रावर सही कशी करणार? अध्यक्ष, बुट्टी?"

मग मीच म्हटलं, "अरे, डोळ्यांसमोर असताना कुठं शोधताय? बाळाबाई प्रतिष्ठान."

साईराजचे डोळे भरले. सन्मतीनं यादी काढून तपासलं, जगात कुणी घेतलेलं नव्हतं. आम्ही ठरवलं, आत्यांना सांगायचं नाही. नोंदणी होऊ दे, पाटी तयार होऊ दे, मग एकदम त्यांच्याच हातून उघडायची. मी इतकी खूश होते की शाळेत सगळ्या बायांना सांगत सुटले.

नाव मंजूर झाल्याचा कागद आला. पाटी आली, वर कन्नड आणि खाली मराठी. त्या रविवारी निपाणीहून सन्मतीचे वडील आण्णासाहेब आले, उचगावहून यल्लाप्पा आले, शेजारपाजारचे धरून वीसेक माणसं. आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचे, कुंद्याचे डबे आणून ठेवले. आत्यांना मी नवं लुगडं नेसवलं. त्यांना वाटलं आणखी एक बारसं आहे, म्हणून हळदीकुंकवाचं तबक त्यांनी स्वतःच हातात घेतलं.

साईराजनं त्यांना पाटीपुढं उभं केलं. त्यांनी कापड ओढलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आत्या चौथी शिकलेल्या, अक्षराखाली बोट धरून वाचतात. बोट बा वरून ळा वर गेलं, पुढं सरकलं आणि शेवटच्या अक्षरापाशी थांबलं. टाळ्या चालूच होत्या. आत्यांनी हातातलं कापड परत पाटीवर टाकलं, चारी कोपरे नीट खाली ओढले आणि आत निघून गेल्या.

टाळ्या वाजवणारे हात जागच्या जागी राहिले. साईराज भांबावून सगळ्यांना कुंदा वाटायला लागला. माझं मात्र डोकं फिरलं. एवढ्या माणसांत पोरांचा पाणउतारा? मी तरातरा आत गेले. आत्या जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. नव्या लुगड्यात.

"आत्या, काय हे वागणं? पोरांनी किती प्रेमानं तुमचं नाव दिलंय."

"माझं न्हाय त्ये," आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "त्येनं ठेवलेलं हाय. थाळीत."

मी खाली बसले.

"तेरा म्हैने त्या घरात बाळा म्हणून हाका ऐकल्या. मग मला आणून सोडलं. दुसरी आणली, तिच्या लग्नाला आमच्या गावची माणसं गेलती. त्येंनी येऊन सांगितलं. तिच्याबी थाळीत बाळाबाईच लिवलं म्हणं. घरात म्हणायची सवय लागलीती, कशाला बदलायचं." त्यांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "म्हंजे बग नीलम, त्ये नाव माझंबी न्हवतं. त्या घरात जी कोण चूल पेटवंल, तिचं व्हतं. मला परत पाठवलं तवा निदान नाव तरी ठेवून घ्यायला पायजे व्हतं त्येंनी. त्ये माझ्याच गळ्यात ऱ्हायलं. रेशन कार्ड झालं त्येच नावानं. कांड्याच्या पगाराला सही त्येच नावाची."

"मग इथं आल्यावर कुणी मूळचं नाव घेतलं नाही?"

"कोण घेणार? परशा आक्का म्हणायचा. तुमी आत्या. आई-बा होतं तंवर दोघं घ्यायचं. आई गेल्यापास्नं कुणी घेतलं न्हाय."

पंधरा वर्षं मी त्यांच्या हातचं जेवतेय. पंधरा वर्षांत मला एवढं विचारता आलं नव्हतं. माझी मान वर होईना.

"आत्या, तुमचं नाव काय?"

त्यांनी आणखी एक पाकळी सोलली. मला वाटलं सांगणार नाहीत. मग लसणाची वाटी बाजूला सारून, हात पदराला पुसून म्हणाल्या, "गोजरा."

स्वयंपाकघराच्या दारात साईराज उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. त्याच्या मागं कुंद्याचा डबा धरून सन्मती. साईराज आत आला आणि आत्यांच्या पायांपाशी बसला. त्याला तेल लावून न्हाऊ घातलेले हात त्यानं धरून ठेवले. आत्याच म्हणाल्या, "रडू नगंस. माणसं बसल्यात भाईर. ऱ्हाऊ दे पाटी. सत्तावन वर्सं ऱ्हायलंय त्ये नाव, अजून थोडं ऱ्हाईल. तुमच्या कामाची खोटी करू नगासा."

खोटी तर होणारच होती. बंगळूरला कागद द्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार. नाव बदलायचं म्हणजे अर्ज पुन्हा, मंजुरी पुन्हा, निदान दोन महिने. सन्मतीनं तिथल्या तिथं बंगळूरला फोन लावला. कन्नडात, इंग्रजीत, हातापाया पडून बोलला. पलीकडची बाई सभ्य होती, पण तिनं स्पष्टच सांगितलं, एकदा नोंदलेलं नाव नंतर बदलता येणार नाही, आणि शुक्रवारपर्यंत कागद नाही आला तर ही जागा दुसऱ्या कुणाला जाईल, तुम्ही पुढच्या वर्षी अर्ज करा, मिळेलच असं नाही.

यल्लाप्पा बाहेरून ऐकत होते, ते आत आले. "अहो, नावाचं काय एवढं घेऊन बसलाय? चिमा मधेच बंद पडली तर पाण्याची भांडणं मी मिटवायची काय?" त्यांचंही चुकत नव्हतं. उचगावचे तीनशे खातेदार त्या प्रोग्रामवर चालतात. माझ्या शाळेची हजेरी कोंडूवर चालते. मला तोंड उघडायचा अधिकार नव्हता, ही सगळी भानगड माझीच. तरी मी उघडलं. म्हटलं, "यल्लाप्पा, आधी कुंदा घ्या. मग बोला."

आण्णासाहेब म्हातारे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "सन्मती, तुझ्या आईचंबी नाव बदललं होतं रे. आता तुझं तू बघ." एवढंच बोलून ते खुर्चीत जाऊन बसले. सन्मतीनं डबा ओट्यावर ठेवला आणि फोन खिशात टाकला.

साईराज म्हणाला, "यल्लाप्पाकाका, चिमा आत्तासारखीच माझ्या मशीनवर चालवीन. वर्षभर मी जागा राहीन तिच्यासाठी. बंगळूरची जागा जाऊ दे." मग तो उठला, लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच फरशीवर बसला आणि नाव बदलायचा अर्ज उघडला. माणसं दारात गोळा झाली. जुनं नाव लिहिलं. नव्या नावाची चौकट रिकामी सोडून तो खाली गेला. तिथं एक रकाना होता, नाव बदलण्याचं कारण. सन्मती म्हणाला, "तांत्रिक कारण लिही. असंच लिहितात सगळे."

"काय लिवायचं हाय?" आत्यांनी विचारलं.

"कारण आत्या. आधीचं नाव का बदलायचं ते."

आत्या वाकून पडद्याकडं बघत राहिल्या. "मग खरं त्येच लिव्ह की," त्या म्हणाल्या. "लिव्ह, आदी नाव ठेवताना जिचं हाय तिला कुणी इचारलं न्हवतं."

साईराजची बोटं थांबली. हे संकेश्वरकडच्या त्या माणसाला होतं, तसंच आम्हा तिघांनाही होतं. आत्यांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. साईराजनं जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मग तो वरच्या रिकाम्या चौकटीवर आला आणि आत्यांकडं वळला.

"आत्या, इथं गोजरा लिहू?"

"आत्ता इचारलंस न्हवं," आत्या म्हणाल्या. "मग लिव्ह."